रांजणाचं पाणी काळं आलं, कौशे

कौशे,

तुझ्या घरच्या रांजणाचं पाणी काळं आलं.

दुसऱ्या कुणाला सांगायच्या आधी तुलाच सांगायचं होतं; ते राहिलं, म्हणून आता लिहायला बसले. एवढी वर्षं हेच तर करत आले. तपासणीची बाटली काळी झाली की ती पदराखाली धरायची आणि तुझ्या दारात यायची. तू भाकरी थापता थापता विचारायचीस, "कुणाची?" मी घराचं नाव सांगायची. तू हाताचं पीठ झटकायचीस, तवा उतरवायचीस आणि निघायचीस. मी तुझ्या मागं.

कालही मी तशीच निघाले. बाटली पदराखाली, पायात चप्पल. तुझ्या दारात आल्यावर ध्यानात आलं, की चुलीपुढं तू नाहीस. पायरीवर तुझी सासू बसली होती, शेळीचं पिलू मांडीवर घेऊन. मला बघून म्हणाली, "ये गं, बस." मी काहीतरी पुटपुटले आणि परत फिरले.

मला लिहायची सवय नाही. चौथीनंतर शाळा सुटली, ती सुटलीच. बाटलीवर चिठ्ठी चिकटवून घराचं नाव घालायचं, एवढंच माझं लिहिणं. तेही तुझ्यामुळं. तू म्हणायचीस, "माझं अक्षर म्हंजी शेरडाच्या लेंड्या सांडल्यावानी. तू लिव्ह, मी बोलते." अशी आपली वाटणी झाली होती. आता लिहिणारी राहिली आणि बोलणारी गेली.

पाणी तपासायला शिकवायचं म्हणून ग्रामपंचायतीत बायकांना बोलावलं होतं, तो दिवस आठवतो का? मी भिंतीला चिकटून उभी. तू दंडाला धरून मला पुढं बसवलंस आणि म्हणालीस, "हिचं नाव लिव्हा." शिकवायला आलेल्या बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, "यांना बोलता येत नाही का?" तू म्हणालीस, "येतंय की. पण लई महाग हाय तिचं बोलणं. मी सस्तात बोलते." सगळ्या हसल्या, मीही हसले. माझ्या लाजण्यावर लोक हसले आणि मला वाईट वाटलं नाही, असं त्या दिवशी पहिल्यांदा झालं.

काम साधंच होतं. औषध घातलेल्या बाटलीत रेघेपर्यंत पाणी भरायचं, आत बोट लागू द्यायचं नाही, झाकण घट्ट लावून उबेला ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. पाणी होतं तसं राहिलं तर चांगलं. काळं पडलं तर त्यात परसाकडच्या घाणीतले जंतू आहेत. अवघड होतं ते पुढचं, म्हणजे घरी जाऊन सांगणं. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. येतं तेव्हा बॅरल, घागरी, रांजण सगळं भरून ठेवायचं आणि पुन्हा येईपर्यंत तेच पुरवायचं. म्हणून आपण दोन बाटल्या भरायचो. एक नळाची, एक रांजणाची. नळाचं पाणी काळं आलं की लोक खूश. "आमी म्हणतच हुतो!" म्हणून पंचायतीच्या नावानं मोकळे व्हायचे. पण नळाचं चांगलं आणि रांजणाचं काळं आलं की घरातल्या बाईचं तोंड उतरायचं. मग घाण वाटेत लागलेली नसायची, घरात लागलेली असायची. रांजणात तांब्या बुडवणाऱ्या हाताची असायची. आणि तो हात कुणाचा, हे सांगायची गरज नसायची.

म्हणून तर आपण येणार म्हटलं की बायका रांजण राखेनं घासून ठेवायच्या आणि त्यात विकतचा जार ओतायच्या. परीक्षेला पाणी वेगळं, प्यायला वेगळं. खालच्या गल्लीतल्या एकीनं असंच केलं आणि नेमकं तेच काळं आलं. ती ओरडायला लागली, "अगं बया, हे आमचं न्हाय, जारचं हाय!" तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "मग आमाला जार कशाला दाखिवला? आमी काय सोयरीक जमवाय आलोय व्हय?" परत येताना तू रस्त्यात मधेच थांबून हसत होतीस. मी म्हणत होते, "हळू, ती ऐकंल." तू म्हणालीस, "ऐकू दे की. ऐकाय यावं म्हणूनच हसायलेय."

आपलं भांडणही यावरूनच होतं, कौशे. ते मिटलं नाही.

तानाबाईच्या नातीचं बारसं होतं. तिच्या रांजणाची बाटली नेमकी त्या सकाळी काळी पडली. वाटेत मी तुला म्हणाले, "आज नको. उद्या सांगू." तू म्हणालीस, "आन् आज जेवाय येत्याल त्यांनी काय करायचं?" मी म्हणाले, "मग तिला आत बोलवून सांग. चारचौघींत नको." तू मान हलवलीस. मला वाटलं, पटलं. दारात तानाबाईच्या सुनेनं पाण्याचे पेले पुढं केले. तू घेतला नाहीस. मी घेतला आणि पिले. तू माझ्याकडं रोखून बघितलंस. मग तू आत गेलीस ती सरळ पाळण्यापाशी. "तानाबाई, पाळणा मागनं हालवा. आधी रांजण पालथा घाला. परसाकडचं पाणी पाजायलाव समद्यास्नी."

पेले खाली ठेवल्याचे आवाज आले. तानाबाईच्या विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. तानाबाईचा चेहरा मला अजून दिसतो.

परत येताना तू माझ्यावरच चिडलीस. "काळं हाय म्हाईत असून पिलीस?"

"दारात दिल्यालं पाणी नको कसं म्हणायचं?"

"पोट तुझं हाय का तिचं?"

"अब्रू तिची हाय."

"मग अब्रू धुऊन पी!"

मी पिलेच होते. दोन दिवस पोट धरून पडले. तू साखर-मिठाचं पाणी करून आणलंस, उशाशी बसलीस आणि पेला तोंडाला लावून म्हणालीस, "घे. अब्रू हाय. पी." तुला हसू येत होतं, ते तू दाबलंस. मी भिंतीकडं तोंड केलं, कारण मलाही येत होतं.

पण भांडण भांडणच राहिलं. तू म्हणायचीस, खरं सांगायला मुहूर्त कशाला बघायचा. मी म्हणायची, खरं सांगताना समोरचं माणूस मोडू नये. तानाबाईनं पुढं तोटीचा रांजण घेतला, तिच्या घरातली हगवण थांबली, हे तू मला चारदा ऐकवलंस. ते खरंच होतं. पण तिच्या लेकीला सासरी किती दिवस टोमणे ऐकावे लागले, तेही खरं होतं. "घाणेरड्या घरची," म्हणायचे तिला. तू तोटी बघितलीस. मी तिची लेक बघितली. आपण दोघी एकाच दारातून बाहेर पडलो आणि दोघींनी दोन गोष्टी बघितल्या.

मग तुझ्या छातीत गाठ निघाली.

दवाखान्यांचं मी लिहीत नाही. गेलीस, आलीस, पुन्हा गेलीस. केस गेले तेव्हा डोक्याला टॉवेल गुंडाळून म्हणालीस, "बरं झालं, तेल वाचलं." डॉक्टरांनी तुला उकळलेलंच पाणी प्यायला सांगितलं होतं. तुझी कळशी वेगळी ठेवली. सून अर्चना रोज पाणी उकळून गाळून त्यात भरायची. तू खाटेवरून सगळ्यांवर नजर ठेवायचीस. सासू शेरडांतून आली की ओरडायचीस, "आत्या, हात!" त्या म्हणायच्या, "जन्म गेला माझा शेरडांत, काय झालं न्हाय मला." तू म्हणायचीस, "तुमाला काय व्हणार? जंतूच भेत्यात तुमाला." मग त्या हात धुवायच्या, पुटपुटत.

शेवटच्या खेपेला दवाखान्यातून आणलं, तेव्हा डॉक्टरांनी तुझ्या महेशला बाजूला घेऊन सांगितलं होतं. त्यानं मला सांगितलं. म्हणाला, "मावशी, आईला कळू देऊ नका." मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

दुसऱ्या दिवशी मी तुझे पाय चेपत बसले होते. तू छताकडं बघत होतीस. एकदम म्हणालीस, "माझी बाटली काळी आली व्हय गं?"

मी म्हणाले, "न्हाय. चांगली हाय."

तू माझ्याकडं बघितलंस. तानाबाईच्या दारात बघितलं होतंस, तसंच. पण चिडली नाहीस. माझ्या हातावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "पिलीस तू पुन्यांदा."

मी पाय चेपत राहिले. तू पुन्हा विचारलं नाहीस. मला वाटतं, तू वाट बघत होतीस. मीही बघत होते, तू पुन्हा विचारशील म्हणून. पुन्हा विचारलं असतंस तर सांगितलं असतं, असं मी आता स्वतःला सांगते. खरं काय ते मला माहीत नाही. तुला काही बोलायचं असेल, महेशला, सुनेला काही सांगायचं असेल, ते माझ्या एका "न्हाय"मुळं राहून गेलं का, हे मी आता कुणाला विचारू? तूच एकटी होतीस, जिनं मला तोंडावर सांगितलं असतं.

तू गेलीस तेव्हा मी नव्हते. अर्चना लेकराला निजवत होती, महेश गाडी बघायला गेला होता. जवळ आत्याच होत्या. हे सगळं त्यांनीच सांगितलं. मला, भावकीला, बसायला येणाऱ्या प्रत्येक बाईला. कुणी दारात आलं, गळ्यात पडून रडलं, की आत्या डोळे पुसून तेच सांगतात. "शेरडं बांधून नुकतीच आत आले. म्हणली, आत्या, पानी. कळशी कुठं ठिवलीया दिसंना. मग रांजणात तांब्या बुडिवला आन् पाजलं. घटाघटा पिली. तोंड पुसलं म्या तिचं. माझ्या हातचं पानी पिऊन गेली माझी लेक."

सून म्हणत नाहीत, कौशे. लेक म्हणतात. शेवटचं पाणी आपल्या हातून गेलं, एवढ्याच आधारावर ती म्हातारी उठते, बसते, चार घास खाते. ऐकणाऱ्या बायका म्हणतात, "भाग्याची हुती. सासूच्या हातचं पानी मिळालं." मी कोपऱ्यात बसून ऐकते आणि पहिल्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच चालू असतं. शेरडं बांधून आलेला हात, तांब्या, रांजण.

सुतकाच्या घरात माणसांचा राबता. सगळी भावकी मुक्कामाला. तू रांजणावर टांगलेलं लांब दांड्याचं वगराळं कुणी कुठं टाकलं कळलं नाही. येणारा जाणारा तांब्या बुडवतो. आणि सगळ्यांत जास्त आत्या, कारण आल्यागेल्याला पाणी द्यायचं काम त्यांनी कुणाला करू दिलं नाही.

परवा अर्चना माझ्याकडं आली. चिमणी तिच्या खांद्यावर मान टाकून पडलेली. तुझी नात, भिंतीला धरून उभी राहणारी, तुझा टॉवेल ओढणारी. जुलाब थांबत नव्हते. उमरग्याला दवाखान्यात नेऊन आणलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि पाणी कुठलं पाजता म्हणून विचारलं. अर्चना मला म्हणाली, "मावशी, आई असत्या तर कळलं असतं." एवढंच बोलली. पुढचं तिला बोलायचं नव्हतं, आणि मला कळलं होतं.

सुतकाच्या घरातून काही बाहेर नेऊ नये म्हणतात. पाणी तर नाहीच. मी बाटल्या ब्लाऊजमध्ये लपवून गेले, सगळ्यांकडं पाठ केली आणि रांजणाचं पाणी भरलं. नळाचंही भरलं. नळाचं चांगलं आलं. रांजणाचं काळं आलं, अगदी तव्याच्या बुडासारखं.

काल मनात तुलाच विचारत होते, कसं सांगू? तुझ्या रीतीनं सांगितलं तर म्हातारीच्या हातात उरलेली एकच गोष्ट काढून घेतल्यासारखं होतं. माझ्या रीतीनं गप्प राहिले तर चिमणी. रात्री मनात ठरवलं, की सकाळी जाऊन कुणाला न सांगता रांजण घासायचा, त्यात क्लोरीनचे थेंब टाकायचे, रोज आपणच भरायचा. महिनाभर, वर्षभर. मग कळलं, हे पण पिणंच झालं.

आज सकाळी गेले. पायरीवर आत्या, आत भावकीतल्या बायका बसलेल्या, तानाबाईही आलेली. मी आत्यांना म्हणाले, "जरा इकडं येता का, आत?" त्या म्हणाल्या, "गुडघं धरल्यात. हितंच बोल की. तुला काय चोरी करायची हाय व्हय?"

मी म्हणाले, "रांजण घासायचा हाय."

"का?"

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरचं पिलू खाली सोडलं आणि म्हणाल्या, "काळी आली व्हय? परवा बाटली भरताना बघितलं म्या. म्हातारी झाले, आंधळी न्हाय झाले."

मी हो म्हणाले.

आत बायकांचं बोलणं थांबलं. आत्यांनी आपले दोन्ही हात पुढं घेऊन बघितले, वरून, मग पालथे करून. मग अगदी हळू विचारलं, "म्हंजी म्याच मारलं व्हय गं तिला? त्या पान्यानं?"

तानाबाई म्हणाली, "असं कशाला म्हंता आत्या." दुसरी कुणी रडायला लागली. आत्यांनी कुणाकडं बघितलं नाही. त्या माझ्याकडं बघत होत्या. सगळ्याच माझ्याकडं बघत होत्या. आणि कौशे, मला मान हलवून चालणार नव्हतं.

मी म्हणाले, "न्हाय. कौशीला गाठीनं नेलं. डॉक्टरनी आधीच सांगितलं हुतं, आता थोडंच दिस ऱ्हायलं म्हणून. मला म्हाईत हुतं. तिनं मला इचारलं, म्या सांगितलं न्हाय. त्या एका तांब्यानं तिला काय झालं न्हाय. तिला तहान लागली हुती, तुमी पाजलं. बरं केलं तुमी."

माझा आवाज माझ्याच कानाला परका वाटत होता. थांबावंसं वाटलं, पण थांबले असते तर पुन्हा सुरू झाला नसता. "पर चिमणीला त्या पान्यानंच लागलंय. तुमच्या हाताला शेरडाचं लागतंय, त्योच हात रांजणात जातोय. ही म्या गोड करून न्हाय सांगत. आजपास्नं हात धुतल्याबिगर रांजणाला शिवायचं न्हाय. कुणीच न्हाय. तांब्या बुडवायचा न्हाय."

तानाबाई उठली, रांजण आडवा केला आणि पाणी अंगणात सोडलं. अर्चना राख घेऊन आली. आत्या तशाच बसल्या होत्या, हात पुढं धरून. मी म्हणाले, "आत्या, उठा." त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "कसं धुवायचं ती दाव. ती रोज सांगायची, म्या नुसतं पानी लावायची."

मी तांब्याभर पाणी आणि साबण घेऊन त्यांच्यापुढं उकिडवी बसले. एकेक बोट धरलं. पेरं, नखं, तळव्याच्या भेगा. म्हातारीची बोटं वाकडी झालीत, उघडत नाहीत, त्यामुळं मला आत बोट घालून चोळावं लागत होतं. याच हातांनी तुझं तोंड पुसलं होतं. मला ते माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. साबण काळा होऊन अंगणात वाहत होता. मी पाणी ओतलं, हात स्वच्छ झाले, पण मी सोडले नाहीत आणि त्यांनी काढून घेतले नाहीत.

"आजून," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा साबण लावला.